लवालीबद्दलचं मत

ओरेस्ट वाखनियुक पडला तेव्हा कोणी पाहिलं नाही, आणि पडल्यापडल्या त्याला सगळ्यात आधी त्याचंच बरं वाटलं. मार्चमधली दुपार होती. दुकानासमोर गाड्या लावायच्या जागेत, सावलीच्या बाजूला, आदल्या दिवशी वितळलेलं पाणी पुन्हा गोठून काचेसारखं झालं होतं. एका हातात पेरोगींची, म्हणजे बटाटा भरून उकडायच्या करंज्यांची, गोठवलेली पिशवी, दुसऱ्या हातात गाडीची किल्ली. पाय पुढं गेला तो गेलाच, आणि डोक्याची मागची बाजू जमिनीवर आपटली. आवाजसुद्धा फारसा झाला नाही. कपाटाचं दार लागावं इतकाच. तो लगेच उठला. इकडं तिकडं पाहिलं. लांब एक बाई ढकलगाडीशी झटत होती, तिची पाठ त्याच्याकडे होती. ओरेस्टनं पेरोगी उचलल्या, पँट झटकली आणि स्वतःशीच हसला. पडलेल्या माणसानं किती वेळ पडून राहावं याबद्दल त्याची मतं ठाम होती. आइस हॉकीतला खेळाडू पडला की त्यानं पाच मोजायच्या आत उठावं. गुडघ्यावर बसून डोकं हलवणं, हातमोजे काढणं, पंचाकडे बघणं, ही सगळी नाटकं. त्याच्या लहानपणीचे खेळाडू दात पडला तर तो बर्फावर थुंकायचे आणि पुढच्या पाळीला मैदानात असायचे. हे तो तीस वर्षं सांगत आला होता. बसडेपोत, बिअर पिताना, आणि दर गुरुवारी संध्याकाळी रेडिओवर. आज आपण तीन मोजायच्या आतच उठलो, हे त्यानं गाडी चालू करताना नोंदवून ठेवलं. सांगायला मात्र कोणी नव्हतं.

तिसऱ्या दिवशी डेपोत बसच्या पोटाखाली उभा राहून तो वर बघत होता आणि वरची ट्यूबलाइट एकदम त्याच्या डोळ्यांतून आत शिरली. शिरली म्हणजे अक्षरशः शिरली, आणि आत जाऊन कानशिलामागे बसली. पलीकडे ड्वेन फ्रीसन चाकाचा नट हातोडीनं सैल करत होता. ड्वेन त्याच्याबरोबर एकोणतीस वर्षं कामाला होता आणि तो हातोडी कशी मारतो हे ओरेस्टला झोपेतही ओळखता आलं असतं. पण आज प्रत्येक ठोका त्याच्या दातांत उमटत होता. "ड्वेन, जरा हळू." "काय?" "हळू म्हटलं." "हातोडी हळू कशी मारायची असते रे? दाखव की!" ओरेस्ट दाखवायला गेला आणि त्याला आपण हातात पाना कशासाठी घेतलाय तेच आठवेना. पाना होता, हात होता, बस होती. मधला दुवा तेवढा निसटला होता. मग तो बादलीपाशी बसला आणि ओकला.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि हळू बोलत होत्या, त्याबद्दल तो त्यांचा मनातून आभारी होता. मेंदूला हादरा बसलाय, म्हणाल्या. स्कॅनच्या चित्रात काही दिसत नाही. अशात दिसतही नाही. अंधारी खोली, शांतता, वाचायचं नाही, टीव्ही नाही, फोनचा पडदा नाही, रेडिओ नाही. हळूहळू एकेक सुरू करू. तीन आठवडे. कदाचित जास्त.

"मग मॅच?" ओरेस्टनं विचारलं.

"मॅच नाही."

"एप्रिलमध्ये बाद फेरी आहे. सात वर्षांनी गेलोय आम्ही."

"तुम्ही खेळता?" बाईंनी खरोखरच्या काळजीनं विचारलं. बाजूच्या खुर्चीवर सिग्रून होती, त्याची बायको. तिनं तोंडावर रुमाल धरला.

असा तो खोलीत आला. घर शहराच्या पूर्व टोकाला, ट्रान्सकोना वस्तीत, जुन्या रेल्वे कारखान्यापासून चार गल्ल्यांवर. झोपायची खोली उत्तरेला. सिग्रूननं पडद्यावर रजई टाकली, घड्याळ बाहेर नेलं. पहिले दोन दिवस तो झोपला. तिसऱ्या दिवशी जागा झाला आणि डोक्यात मतं सुरू झाली. समोर खेळ नाही, पडदा नाही, आकडे नाहीत, तरी मतं आपली चालूच. गोलरक्षक डावीकडे लवकर झुकतो. कर्णधार दुसऱ्या सत्रात दमतो आणि दमला की काठी उंच धरतो. प्रशिक्षकाला तरुण पोरांवर भरवसा ठेवता येत नाही, त्याला काढा. एक मत संपलं की त्याच्या शेपटीला धरून दुसरं. कुशीवर वळलं की जरा वेळ थांबायची, मग त्या कुशीची वेगळी मतं निघायची. त्याला वाटलं, माणूस गेल्यावर नखं वाढत राहतात म्हणतात तसंच हे. मग हे वाटणंही त्याला आवडलं नाही आणि तो पुन्हा वळला.

ही मतं आली कुठून, याचा विचार त्यानं आजवर केला नव्हता. अंधारात करण्यासारखं दुसरं काही नव्हतं. वडील रेल्वेच्या कारखान्यात डब्यांना रिबिटं ठोकायचे. घरी आल्यावर बोलत नसत. कान अर्धे गेले होते म्हणून, किंवा बोलण्यासारखं काही नव्हतं म्हणून. आई त्यांच्याशी युक्रेनियनमध्ये बोलायची, ते मान हलवायचे. पण शनिवारी स्वयंपाकघरात रेडिओ लागला की तो माणूस बदलायचा. "हा गाढव आहे," ते इंग्रजीत म्हणायचे. "याला सोन्यानं मढवायला पाहिजे. हा भित्रा." भित्रा हा शब्द ते टेबलावर मूठ ठेवून उच्चारायचे. सहा वर्षांचा ओरेस्ट शेजारी बसून वाट बघायचा, आणि एकदा त्यानं धीर करून म्हटलं, "बाबा, तो सात नंबरवाला पण भित्रा आहे, नाही?" वडिलांनी त्याच्याकडे पाहिलं. खरोखर पाहिलं, पहिल्यांदाच. आणि आपल्या बशीतला सॉसेजचा तुकडा त्याच्या बशीत टाकला. सात नंबरवाला कसा खेळायचा ते ओरेस्टला माहीत नव्हतं. रेडिओवर कसं दिसणार? पण त्या तुकड्याची चव अजून जिभेवर होती: लसूण, धूर, गरम चरबी.

भित्रा. या शब्दाच्या मागोमाग लवाली येणार हे त्याला माहीत होतं. दिवसभर तो त्याला दाराबाहेर थोपवून होता, शेवटी आलाच.

एमेट लवाली बचावफळीतला. डॉफिनचा पोरगा, म्हणजे आपल्याच प्रांतातला, चार तासांवरचा. म्हणून सगळ्यांचा लाडका, आणि म्हणूनच नंतर सगळ्यांनी त्याला जास्त धुतला. नऊ वर्षांपूर्वी डिसेंबरमध्ये कोपऱ्यात पक, म्हणजे खेळातली ती रबरी चकती, काढायला गेला असताना मागून टक्कर बसली आणि डोकं काचेवर आपटलं. ओरेस्ट त्या दिवशी मैदानावर होता, वरच्या रांगेत. लवाली उठला. त्यानं पाच मोजायच्या आत उठायला हवं होतं, तो नऊला उठला. ओरेस्टनं मोजले होते. मग पंचवीस सामने तो खेळला नाही. पेपरात यायचं: डोकं दुखतं, उजेड सोसत नाही, अंधाऱ्या खोलीत पडून असतो. तिकडं संघ सामने हरत होता. आणि एका गुरुवारी ओरेस्टनं स्वयंपाकघरातून रेडिओला फोन लावला. लायलचा कार्यक्रम, लायल त्याला नावानं ओळखायचा. "बोला, आपले ट्रान्सकोनाचे ओरेस्ट आलेत. बोला मालक, आज कोणाची साल काढायची?" आणि ओरेस्ट म्हणाला, "लायल, त्या लवालीला डॉक्टरनं दुपारचं अंधारात झोपायला सांगितलंय म्हणे. माझी आजी अशीच झोपायची बघ. दिवा बंद करा, पावलं वाजवू नका, आजीबाई झोपल्यात!" लायलला हसू आवरेना. लायल हसताना मायक्रोफोनपासून लांब जायचा, तसा तो लांब गेला आणि खोकला.

फेब्रुवारीत लवाली परत आला. पहिल्यांदा त्याच्या काठीला पक लागला आणि वरच्या रांगांमधून कोणीतरी ओरडलं, "आजीबाई!" मग दहाजण. मग त्याला ताल आला. दिवा, बंद! दिवा, बंद! दुसऱ्या सत्रापर्यंत अर्धं मैदान टाळ्यांवर म्हणत होतं. ओरेस्टच्या अंगावर काटा आला होता. त्यानं शेजारच्या अनोळखी माणसाच्या दंडावर हात ठेवून म्हटलं होतं, "हे माझं आहे. हे मी काढलंय. रेडिओवर. मीच तो." त्या माणसानं त्याला बिअर पाजली. लवाली अकरा सामने खेळला, मग पुन्हा बसला, तो बसलाच. सत्ताविसाव्या वर्षी निवृत्त झाल्याची चार ओळींची बातमी उन्हाळ्यात आली. तेव्हा ओरेस्ट ड्वेनला म्हणाला होता, "बघ, मी काय सांगत होतो?"

आणि तरीही, अंधारात पडल्या पडल्या ओरेस्ट हार मानायला तयार नव्हता. लवालीचा तो धंदा होता. त्याला त्याचेच लाखो डॉलर मिळत होते. मी मेकॅनिक आहे. मी बसखाली चक्कर येऊन पडलो तर बस कोणाच्या तरी अंगावर येईल. त्याचं काय? त्याचा फार तर एक पक सुटला असता. हा मुद्दा चांगला होता आणि ओरेस्टनं तो तीन-चार प्रकारे मांडून बघितला. प्रत्येक वेळी लवाली काहीच बोलला नाही. तो समोर उभाही राहत नव्हता. नुसता पलंगाच्या दुसऱ्या बाजूला, ओरेस्टसारखाच, छताकडे तोंड करून पडलेला असायचा. अशा माणसाशी वाद कसा घालायचा?

दुसऱ्या आठवड्यात ड्वेन आला. त्यानं दारातूनच आवाज दिला, "काय मग, आजीबाई झोपल्यात का?"

सिग्रून बाहेरून म्हणाली, "ड्वेन, हळू."

"अगं, यानंच शिकवलंय आम्हाला!" ड्वेन खोलीत आला, अंधारात खुर्ची शोधताना पलंगाला धडकला. ती धडक गादीतून ओरेस्टच्या कवटीपर्यंत आली. "सगळा डेपो विचारतोय. मुकादम म्हणाला, चित्रात काही निघालं नाही ना? मग? मी म्हटलं, त्याच्या डोक्यात पहिल्यापासून काही नव्हतं, निघणार काय!" तो मनापासून हसला. चांगला माणूस होता ड्वेन. सिग्रूनच्या हातात त्यानं आपल्या बायकोनं भाजलेली पाव-रोटी दिली होती, तिचा वास इथवर येत होता. ओरेस्टही हसला. हसलं की डाव्या डोळ्यामागे काहीतरी ताणलं जायचं, तरी हसला. "खरं सांग," ड्वेन पुढं झुकून म्हणाला, "थोडं फार लांबवतोयस ना? बाद फेरीसाठी? माझ्यापाशी बोल की."

"मॅच बघायचीच बंदी आहे मला."

"हो का!" ड्वेन म्हणाला. त्याला ते पटलं नव्हतं. आणि ड्वेन गेल्यावर ओरेस्टला वाटू लागलं की आपल्यालाही ते पटलेलं नाही. खरंच दुखतंय का? किती? पाच मोजून उठलो तर? तो उठला. भिंत हळूच डावीकडे सरकली. तो पुन्हा बसला आणि कोणी पाहिलं नाही ना, म्हणून त्यानं अंधारातसुद्धा आजूबाजूला पाहिलं.

सिग्रून या सगळ्यात निराळीच होती. ती गिमलीची, सरोवरकाठची; तिचे वडील हिवाळ्यात बर्फाला भोकं पाडून जाळी टाकायचे. कमी बोलणं त्या घरातच होतं. पण ओरेस्टला नवल वाटत होतं ते तिच्या हातांचं. ती बशीत चमचा ठेवताना आधी बशीवर बोट ठेवायची, म्हणजे आवाज होत नसे. ओला कपडा कपाळावर न ठेवता मानेखाली ठेवायची. पलंगाच्या कडेवर कधी बसायची नाही. जमिनीवर बसायची, म्हणजे गादी हलत नसे. खोलीत येण्याआधी बाहेरचा दिवा घालवायची, मग दार उघडायची. डॉक्टरीणबाईंनी यातलं काहीही सांगितलेलं नव्हतं. आणि दाराखालच्या फटीतून उजेड येऊ नये म्हणून तिथं एक लांबट उशी असायची. वाळू भरलेली, कापडाची, दोन्ही टोकं नीट शिवलेली. एका दुपारी जरा बरं वाटत होतं म्हणून तो भिंत धरून दारापर्यंत गेला आणि ती उशी हातात घेऊन बसला. बोटांना कापड ओळखीचं लागलं. जाड, उभ्या रेघांचं. हे बाहेरच्या खोलीतल्या पडद्यांचं कापड होतं. ते पडदे काढून बावीस वर्षं झाली होती. मुलगी शाळेत होती तेव्हा काढले.

बावीस वर्षं ही उशी या घरात आहे. कुठं होती? पलंगाखाली. आपण कधी पाहिली नाही. किंवा पाहिली, आणि पडद्यांचं उरलेलं काहीतरी म्हणून विसरलो. सिग्रूनचं डोकं दुखायचं, हे त्याला माहीत होतं. ते सगळ्यांनाच माहीत होतं, कारण तोच सांगायचा. लोक जमले की, "आमच्या हिचं कसं आहे, मॅच लागली की हिचं डोकं लागतं!" लोक हसायचे, तीही हसायची. महिन्यातून दोनदा, कधी तीनदा, ती आत जायची, दार लावायची. तो बाहेर असायचा. कधी ड्वेन, कधी आणखी दोघं. त्यांच्या पावलांखाली जमीन थरथरायची. गोल झाला की ते सगळे एकदम उड्या मारायचे, आणि भिंतीवरचं तिच्या आजोळचं चित्र तिरकं व्हायचं. एकदा, मालिकेचा सातवा, निर्णायक सामना, जादा वेळ, ती बाहेर आली होती. कॉरिडॉरमध्ये, अंगावर गाऊन, एक हात भिंतीला. तो म्हणाला होता, "ये, ये, बस, जादा वेळ चालू आहे!" ती नळाशी गेली, पाणी घेतलं आणि आत गेली. त्या सामन्यातले सगळे गोल त्याला क्रमानं आठवत होते. कोणी, कितव्या मिनिटाला, कोणाच्या पासवर. त्यानं तिचा चेहरा आठवायचा प्रयत्न केला. गाऊन आठवला. भिंतीवरचा हात आठवला. वर काहीच नव्हतं.

ती आली तेव्हा तो तसाच बसलेला होता. "इथं काय करतोयस?"

"सिग्गी, ही तू शिवलीस?"

"हो."

"कधी?"

"पडदे काढले तेव्हा." तिनं उशी त्याच्या हातातून घेतली आणि फटीला लावली. "चल, झोप."

"मला कधी सांगितलं नाहीस."

"उशीचं?"

"असं असतं म्हणून. इतकं."

ती जमिनीवर बसली. अंधारात तिचा श्वास ऐकू येत होता. "सांगितलं होतं की. एकदा सांगितलं. तू म्हणालास, दोनच मिनिटं उरलीत." ती जराशी हसली, रागावलेली नव्हती. "तुमची ती दोन मिनिटं पाऊण तास चालतात, हे मला तेव्हा माहीत नव्हतं." मग, त्यानं विचारलं नसताना, ती म्हणाली, "तू लवालीबद्दल फोन केलास ना, त्या गुरुवारी मी इथंच होते. सकाळपासून. तू स्वयंपाकघरात उभा राहून बोलत होतास. दिवा बंद करा म्हणालास, आजीबाई झोपल्यात. मला आधी वाटलं, माझ्याबद्दलच सांगतोयस कोणाला तरी."

"नाही गं."

"नाही, ते कळलं मला. मग नाव घेतलंस त्याचं."

"मग?"

"मग काय? रेडिओ बाहेर चालू होता. तो माणूस हसत होता, तू हसत होतास. मी उशी डोक्यावर घेतली." ती उठली. "सूप ठेवलंय. दहा मिनिटांनी आणते."

त्यानंतरचे दिवस ओरेस्टला दुखण्यापेक्षा कठीण गेले. दुखणं उतरत होतं. उजेड थोडा सोसू लागला, सिग्रूनबरोबर गल्लीच्या टोकापर्यंत चालून झालं. पण आत कुठंतरी मोटर चालू राहिली होती आणि तिला गियर सापडत नव्हता. तो अंथरुणात बसायचा, उठायचा, मोजे घालायचा, काढायचा. काहीतरी करायला हवं होतं. माफी मागायला हवी असं तो स्वतःशी म्हणत नव्हता. माफी हा शब्द त्याला मोठा वाटत होता, आणि लवाली उठायला नऊ मोजेपर्यंत थांबला होता हे अजूनही खरंच होतं. त्याला फक्त मत बदलल्याचं नोंदवायचं होतं. जिथं दिलं तिथं. माणसानं सगळ्यांदेखत काही म्हटलं तर सगळ्यांदेखतच परत घ्यावं, हेही त्याचं मतच होतं. गुरुवारी संध्याकाळी सिग्रून शेजारी गेली असताना त्यानं फोन उचलला. डोळे मिटूनच आकडे दाबले, बोटांना पाठ होते. चार दिवस तो वाक्य जुळवत होता: लायल, नऊ वर्षांपूर्वी मी एक गोष्ट म्हणालो होतो.

फोन एका बाईनं घेतला. नवी होती. "नाव?"

"ओरेस्ट. ट्रान्सकोना."

"अरे वा, तुम्ही जुने आहात, यादीत आहे तुमचं नाव. विषय काय?"

"लवाली."

"कोण?"

"एमेट लवाली. नऊ वर्षांपूर्वी... बचावफळीत होता."

"एक मिनिट." पलीकडे तिनं कोणाला तरी विचारलं. "ते आता खेळत नाहीत ना? आज आपण फक्त रविवारच्या सामन्यावर बोलतोय. गोलरक्षक बदलावा का, त्यावर काही आहे का तुमच्यापाशी? तीन नंबरला घेते तुम्हाला." आणि तिनं त्याला रांगेत लावलं. कानात ढोल आणि गिटार एकदम सुरू झाली. त्यानं फोन हातभर लांब धरला. गोलरक्षकावर त्याच्यापाशी होतं. चिक्कार होतं. वाक्य तोंडात तयार होतं, डावीकडे लवकर झुकतो म्हणून. ते बाहेर पडायला इतकं उतावीळ होतं की त्याचं त्यालाच भय वाटलं. दुसरं वाक्य, चार दिवस जुळवलेलं, कुठं गेलं ते सापडेना. त्यानं फोन ठेवला. म्हणजे ते जुनं बोलणं परत घ्यायचं तर ऐकायलाही आता कोणी उरलेलं नव्हतं. अर्धं मैदान ज्याच्या नावानं ओरडलं होतं, तो आता कोणाला माहीत नव्हता, आणि माहीत असलेला एकजण इथं मोजे हातात घेऊन उभा होता.

रविवारी सातवा सामना होता, दुपारी. मे महिन्याचा पहिला आठवडा. थंडी एकदाची हटली होती आणि सिग्रूननं खोलीची खिडकी बोटभर उघडली होती. टीव्हीला अजून परवानगी नव्हती. अडीच वाजता सिग्रून दारात येऊन म्हणाली, "मी बघू? आवाज बंद ठेवून. तुला सांगते काय चाललंय ते."

"तू?"

"डोळे आहेत मला."

तिनं दार अर्धवट उघडं ठेवलं आणि स्वतः पलीकडे खुर्ची ओढून बसली. तिचा खांदा तेवढा त्याला दिसत होता, त्यावर टीव्हीचा निळसर उजेड हलत होता. तेहतीस वर्षांत तिनं एक सामना पूर्ण पाहिलेला त्याला आठवत नव्हता.

"सुरू झालं," ती हलक्या आवाजात म्हणाली. "आपले पांढऱ्यात. गोलवाला ओठ हलवतोय. प्रार्थना करतोय, नाहीतर गातोय."

"पक कोणाकडे आहे?"

"ते फार भरभर जातं रे. बाकावर एकजण आहे, त्याच्या बुटाची नाडी तुटलीय. शेजारचा त्याला बांधून देतोय. दात आणि हात दोन्ही लावून."

"सिग्गी, खेळ सांग, खेळ!"

"हाच चाललाय खेळ. थांब, गोल झाला. सगळे मिठ्या मारतायत."

"कोणाचा?"

"पांढऱ्यांचा. आपला."

"मारला कोणी?"

"ते पाहिलं नाही. मी त्यांच्या गोलवाल्याकडे बघत होते. त्यानं जाळीतून पक स्वतःच काढला आणि हळूच पंचाकडे सरकवला. कसा नम्रपणे, पाहुण्याला पाणी द्यावं तसा."

ओरेस्टनं चादर मुठीत धरली. त्याला ओरडावंसं वाटत होतं. हसावंसंही वाटत होतं. हा कुठला सामना? त्यानं आयुष्यभर पाहिलेल्या हजारो सामन्यांत गोल झाल्यावर तो पक कोण काढतं हे त्याला माहीत नव्हतं. दोन-एक, दोन-दोन. तिसरं सत्र. ती सांगत होती आणि त्याच्या डोक्यात दोन खेळ एकमेकांवर चढत होते: त्याचा, आकड्यांचा, नेमांचा, कोण वाघ आणि कोण शेळी याचा, आणि तिचा, ज्यात माणसं घाम पुसत होती, तोंडातलं पाणी थुंकत होती, एकमेकांच्या पाठीवर हात ठेवत होती. दुसरा खेळ त्याला नीट बघता येत नव्हता. सवय नव्हती.

"एकजण पडलाय," ती म्हणाली.

"आपला?"

"त्यांचा. फळीवर आपटला."

तो मोजू लागला. एक, दोन. मोजायचं नाही असं ठरवण्याआधीच तीन झाले. चार. पाच. "उठला?"

"नाही."

"मग?"

"आपलाच एकजण त्याच्याजवळ बसलाय. ज्यानं आपटलं तोच असेल. बसलाय नुसता." सहा. सात. त्याला मोजणं थांबवता येईना. आकडे वडिलांच्या रिबिटांसारखे एकामागून एक ठोकले जात होते. त्यानं तोंड उशीत घातलं. अकराला ती म्हणाली, "नेतायत त्याला. स्वतःच्या पायांनी चाललाय." आणि ओरेस्टला कळलं की आपण श्वास धरून होतो, आणि तो आपल्या संघासाठी धरलेला नव्हता.

दोन-दोनवर वेळ संपली. जादा वेळ सुरू झाला. सिग्रून अजून थोडं बोलली, मग वाक्यांमध्ये फट पडू लागली. मग ती बोलायची थांबली.

"सिग्गी? काय झालं?"

तिचा खांदा दारातून दिसेनासा झाला. मग ती कॉरिडॉरमध्ये दिसली, एक हात भिंतीला. या वेळी त्यानं तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. डावा डोळा अर्धा मिटलेला, त्याखालची कातडी राखेच्या रंगाची, ओठांच्या कडेला एक रेघ, दात घट्ट आवळल्याची. ती वयानं मोठी दिसत नव्हती, आजारीही नाही. ती फक्त दूर गेलेली दिसत होती, एखाद्या कामाला, जे एकटीनंच करायचं असतं. "सरक," ती म्हणाली.

तो उठला. तिला त्याच्या जागी निजवलं. बाहेर टीव्ही चालूच होता. त्याचा उजेड कॉरिडॉरच्या भिंतीवर उड्या मारत होता आणि तो उजेड तिच्यापर्यंत येत होता. बंद करायला हवा होता. तो भिंतीचा आधार घेत बाहेरच्या खोलीत गेला. नऊ पावलं. पडदा समोर होता, सात आठवड्यांनी, आवाजाविना; पांढराशुभ्र बर्फ, त्यावर मुंग्यांएवढी माणसं, आणि त्यातला एक पांढऱ्या सदऱ्याचा एकटाच निसटून गोलाकडे निघालेला, समोर कोणी नाही, नुसता त्यांचा गोलरक्षक, आणि तोही डावीकडे झुकत होता. ओरेस्टच्या घशात आवाज तयार झाला. त्यानं बटण दाबलं.

काळं झालं. क्षणभर त्याला वाटलं आपण परत पडलो. पक आत गेला की नाही? सगळ्या शहरात हे न कळलेला तो एकटाच असेल. पुन्हा बटण दाबलं की अर्ध्या सेकंदात कळलं असतं. तो अंगठा बटणावर ठेवून तसाच उभा राहिला. मग आत गेला आणि पलंगाच्या कडेला बसला.

बाहेर, रीजंट रस्त्याच्या बाजूला, एक भोंगा वाजला. मग दुसरा. मग गाड्यांमागून गाड्या, लांब, तुटक, तालावर. कोणीतरी खिडकीतून ओरडत गेलं, शब्द कळले नाहीत. ओरेस्ट उठला आणि खिडकी ओढून घेतली, खाली दाबून कडी लावली. आवाज लोकरीत गुंडाळल्यासारखा झाला. तो परत येऊन बसला. कोणी मारला? कर्णधार तर नक्कीच नाही, तो एव्हाना दमलेला असतो. तो नवा पोरगा असणार, ज्याच्यावर प्रशिक्षकाचा भरवसा नाही.

"जिंकलात वाटतं," ती डोळे न उघडता म्हणाली.

"असेल."

"जा. बघून ये."

तो गेला नाही. थोड्या वेळानं ती पुन्हा म्हणाली, अगदी हळू, "ओरेस्ट, पाय."

तेव्हा त्याच्या लक्षात आलं की आपला उजवा पाय कधीपासून हलतोय, आणि त्याबरोबर सगळा पलंग हलतोय. तो उठला, जमिनीवर बसला, पाठ पलंगाला न लावता. पाय तिथंही हलतच होता. त्यानं गुडघा दोन्ही हातांनी घट्ट धरला आणि भोंगे संपायची वाट बघत अंधारात बसून राहिला.